उतरवून देणाऱ्याची जबाबदारी

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात आम्ही इतिहास शिकवीत होतो. धडा स्वातंत्र्यलढ्याच्या अखेरच्या पर्वाचा होता आणि त्यात नौसैनिकांच्या उठावाचा छोटासा भाग होता. १८ फेब्रुवारी १९४६, मुंबई, 'तलवार'. आमची शाळा अकोल्यातली, उर्दू माध्यमाची. वर्गात समुद्र पाहिलेली मुले चार-पाचच असतील. बाकीच्यांना बोट माहीत ती मोर्णेला पूर आला की वस्तीत शिरणारी. तेव्हा 'तलवार' हे जहाज नव्हते, ते कुलाब्याला जमिनीवर असलेले नौदलाचे प्रशिक्षण केंद्र होते, इथपासून सांगावे लागले. धडा संपत आला तसा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, ये लोग पहले अंग्रेजों के लिए लड़े, फिर अंग्रेजों के खिलाफ खड़े हो गए. तो सही कब थे?"

आम्ही सरधोपट उत्तर दिले. देशप्रेम जागे झाले, वगैरे. मुलाने मान हलवली, पण त्याचे समाधान झाले नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. तास संपला. प्रश्न मात्र आमच्याबरोबर स्टाफरूममध्ये आला, तिथून घरी आला आणि वर्षभर मुक्कामाला राहिला. उत्तर शोधता शोधता आम्ही त्या नाविकांच्या युद्धातल्या दिवसांकडे वळलो, आणि त्यातही ज्यांच्याविषयी फार थोडे लिहिले जाते अशा माणसांकडे. ती म्हणजे सैन्य किनाऱ्यावर उतरवून देणाऱ्या बोटींवरचे खलाशी.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा रॉयल इंडियन नेव्ही अगदीच लहान होती. तिच्या नाविकांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी माणसांचा, त्यातही कोकणी मुसलमानांचा, भरणा मोठा होता. ही पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेली माणसे. युद्ध संपेपर्यंत नौदल पंचवीस हजारांच्या घरात गेले. भरती देशभरातून झाली आणि ज्यांनी खाडीसुद्धा पाहिली नव्हती अशी पोरे खलाशी झाली. याच काळात 'लँडिंग क्राफ्ट विंग' ही शाखा उभी राहिली. तिचे प्रशिक्षण आधी दक्षिणेत रामेश्वरजवळच्या मंडपमला आणि पुढे मुंबईच्या किनाऱ्यावर चाले. त्या केंद्राचे नाव होते 'हमला'. मालाडजवळ मार्वेला 'आयएनएस हमला' आजही आहे, काम मात्र बदलले आहे. तलवार काय, हमला काय, नावे आपल्या बोलीतली आणि हुकूम इंग्रजीतले, असा सगळा तो कारभार होता.

ही बोट कशी असते हे समजून घेतल्याशिवाय पुढचा प्रश्न समजायचा नाही. तिचा तळ चपटा असतो, कारण तिला थेट वाळूवर चढायचे असते. पुढचा भाग बिजागरीवर पडणाऱ्या फळीसारखा असतो. पायदळाला उतरवणारी लहान बोट सुमारे चाळीस फूट लांब, अंगाने लाकडी आणि बाजूंना पोलादी पत्रे ठोकलेली. तिच्यात पस्तीसएक सैनिक दाटीने बसत आणि चालवणारे खलाशी फक्त चार. किनाऱ्यावरून गोळ्या येत असताना बोट सरळ पुढे न्यायची, वळायचे नाही. तळ टेकला की फळी पाडायची. सैनिक उतरून धावत सुटले की फळी वर घ्यायची, उलट्या पावली मागे यायचे, मोठ्या जहाजापाशी जायचे आणि पुन्हा पस्तीस माणसे घेऊन त्याच किनाऱ्याकडे निघायचे. उतरणारा सैनिक एकदा उतरतो. खलाशी दिवसातून कितीतरी वेळा त्याच गोळ्यांत जातो आणि दर वेळी रिकाम्या बोटीने परत येतो.

हिंदी नौदलाच्या या बोटींनी खरी कसोटी पाहिली ती ब्रह्मदेशात, आराकानच्या किनाऱ्यावर. तिथे जमीन आणि समुद्र यांची सरहद्दच नाही. तिवरांची दाट राने, त्यांत नागमोडी शिरलेल्या खाड्या, भरतीला पाणी आणि ओहोटीला कमरेएवढा गाळ. ३ जानेवारी १९४५ रोजी अक्याबला सैन्य उतरले तेव्हा जपानी आधीच निघून गेले होते. १२ जानेवारीला म्येबॉनला उतरायचे होते. किनाऱ्याजवळ पाण्यात खुंट ठोकलेले होते, ते आदल्या रात्री गुपचूप जाऊन सुरुंगाने उडवावे लागले. पहिल्या बोटी भरतीवर पोहोचल्या. मागून आलेल्यांना ओहोटीने गाठले आणि सैनिकांना गाळातून रेटा देत किनारा गाठावा लागला. २२ जानेवारीला कांगॉ. तिथे जपान्यांना चाहूल लागू नये म्हणून बोटी लांबचा वळसा घेऊन अरुंद खाडीतून आत शिरल्या. 'नर्मदा' आणि 'जमना' या हिंदी युद्धनौका पाठीमागून तोफा डागत होत्या.

कांगॉच्या लढाईत ब्रिटिश कमांडोंच्या मागोमाग हिंदी पलटणी उतरल्या. त्यांतल्या एका पलटणीचे नेतृत्व शंकरराव थोरातांकडे होते, तर दुसरीचे, म्हणजे १९ व्या हैदराबाद रेजिमेंटच्या पलटणीचे, थिमय्यांकडे. आम्हां वऱ्हाडातल्या माणसांनी या रेजिमेंटचे नाव वाचून जरा थांबावे असे आहे. आज तिला कुमाऊँ रेजिमेंट म्हणतात. तिचा इतिहास १७८८ साली नवाब सलाबत खानांनी उभारलेल्या पलटणींपासून सांगतात. हे सलाबत खान आमच्या एलिचपूरचे, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरचे. १९४५ पर्यंत तिच्यात वऱ्हाडी शिपाई फारसे उरले नव्हते. तरीही समुद्रापासून शेकडो मैल दूर, कपाशीच्या मुलखात ज्या वंशावळीचे मूळ, ती पलटण आराकानच्या गाळात उतरली.

आता प्रश्नाकडे येतो. या खलाशाने कुणाला मारले? बहुधा कुणालाच नाही. त्याने माणसे नेली, सोडली आणि परत आला. मग किनाऱ्यावर जे घडले त्यात त्याचा वाटा किती?

एक उत्तर तयार असते की तो हुकमाचा ताबेदार होता. दुसरेही तितकेच तयार असते की तो नसता तर ती माणसे तिथे पोहोचलीच नसती, म्हणून सगळ्यात तो भागीदार. आम्हाला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. पहिले माणसाला यंत्र करते. दुसरे त्याच्यावर एवढे ओझे टाकते की ते कुणीच उचलू शकणार नाही, आणि जे उचलता येत नाही ते माणूस सरळ खाली ठेवून मोकळा होतो. खरी जबाबदारी शोधायची तर त्या माणसाच्या हातात नेमके काय होते, ते पाहिले पाहिजे.

त्याच्या हातात फळी होती. ती कुठे पाडायची हे शेवटच्या काही क्षणांत तोच ठरवीत असे. ६ जून १९४४ रोजी फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचे सैन्य उतरले, तेव्हाच्या हकिगतींत हे वारंवार येते. काही बोटी वाळूच्या उंचवट्यावर अडकल्या. किनारा आला असे वाटून फळी पडली आणि पुढे खोल पाणी निघाले. पाठीवर जड ओझे घेतलेले सैनिक गोळी लागण्याआधीच बुडाले. उलट काही सुकाणूवाले गोळ्यांचा वर्षाव सोसून आणखी थोडे पुढे गेले आणि त्यांनी माणसांना गुडघाभर पाण्यात उतरवले. हुकूम दोघांनाही एकच होता, की सैन्य किनाऱ्यावर उतरवा. पण 'किनारा' कशाला म्हणायचे, हे कुठल्याही हुकमात पुरते लिहिता येत नाही. तेवढी जागा माणसाच्या ईमानासाठी शिल्लक राहते. आपल्याकडे ज्याला अमानत म्हणतात ती हीच. ठेव पोहोचती करायची म्हणजे ज्याच्या त्याच्या हातात द्यायची, उंबरठ्याबाहेर टाकून यायची नव्हे.

याहून अवघड गोष्ट दुसरी आहे. त्या दिवशी बोटींना सक्त ताकीद होती की पाण्यात पडलेल्यांना उचलण्यासाठी थांबायचे नाही. थांबलेली बोट म्हणजे सोपे निशाण, आणि तिच्यामागे बोटींची रांग लागलेली. खलाशांना हाका ऐकू येत होत्या, हात दिसत होते आणि बोट पुढे न्यावी लागत होती. लढाईनंतरही कित्येकांना त्या हाका ऐकू येत राहिल्या. हा हुकूम निर्दय म्हणावा का? आम्ही यावर बराच विचार केला. एकासाठी थांबून पस्तीस जणांना धोक्यात घालायचे नाही, हा हिशेब समजण्यासारखा आहे. पण त्या हिशेबाची दुसरी बाजूही त्याच दिवशी समुद्रावर होती. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या साठ छोट्या नौका केवळ बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी तिथे ठेवल्या होत्या आणि त्यांनी शेकडो माणसे पाण्यातून काढली. म्हणजे ज्याने 'थांबू नका' असा हुकूम दिला, त्याच व्यवस्थेने थांबणाऱ्या नौकाही पाठवल्या होत्या. आम्हाला वाटते, असा हुकूम देण्याचा नैतिक हक्क त्या साठ नौकांमुळेच मिळतो. त्या नसत्या तर तो हुकूम म्हणजे नुसती बेपर्वाई ठरली असती.

हे लिहिताना आम्ही खलाशांविषयीच बोलत नाही आहोत, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. आमच्या पेशातही हीच बोट आहे. पाचवीला मुले चढतात, दहावीला आम्ही फळी पाडतो, ती उतरतात आणि आम्ही रिकाम्या बोटीने पाचवीकडे परत येतो. निकाल लागला, टक्केवारीचा फलक लागला, पेढे वाटून झाले की आमचे काम झाले असे आम्ही धरून चालतो.

काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला. वडील बाजारात हमाली करीत. त्यांचा विचार मुलाला ओळखीच्या गॅरेजवर ठेवायचा होता. आम्ही दोनदा घरी गेलो, त्यांना समजावले, मुलाला विज्ञान शाखेला घालायला लावले आणि अमरावतीला एका कॉलेजात प्रवेशही मिळवून दिला. आम्ही स्वतः बी.एड. अमरावतीलाच केले होते, त्यामुळे शहर ओळखीचे होते. प्रवेशाच्या दिवशी त्याच्याबरोबर गेलो, फी भरली, खोली पाहून दिली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो. मोठ्या समाधानाने परत आलो. दहा वर्षे उर्दूत शिकलेला तो मुलगा एकाएकी इंग्रजीतल्या पदार्थविज्ञानापुढे आणि मराठीत चालणाऱ्या सगळ्या व्यवहारापुढे एकटा उभा होता, याचा विचार आमच्या मनात आला नाही असे नाही. आला होता. पण जूनमध्ये नवी पाचवी आली, तिच्यात साठ मुले होती, मग निवडणुकीचे काम आले. आम्ही त्याला फोन केला नाही.

दोन वर्षांनी बडनेऱ्याला स्टेशनबाहेर आमच्या मोटारसायकलचे चाक पंक्चर झाले. दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बसलेला मुलगा आम्हाला पाहून उठला, हात पुसले आणि सलाम केला. तोच होता. पहिल्या सहामाहीनंतर कॉलेज सोडले होते. घरी तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून अकोल्याला परतला नव्हता. आम्ही म्हणालो, "बेटा, एक फोन तरी करायचास." तो हसला आणि म्हणाला, "सर, आपने तो पहुंचा दिया था ना." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो मनापासून आमचे उपकार मानीत होता. पंक्चरचे पैसेही त्याने घेतले नाहीत.

कुणी म्हणेल, मुलाने प्रयत्न कमी केला असेल. असेल. कुणी म्हणेल, एका शिक्षकाने साठ मुलांना सोडून एकाच्या मागे किती फिरावे? हेही खरे, आणि तो हिशेब आम्हाला मान्य आहे. पण मग त्या साठ नौका कुठे होत्या? आम्ही नाही थांबू शकलो तर कुणी थांबायचे, हे आम्ही कधी कुणाला विचारले का? आमच्याच वस्तीत शिकून नोकरीला लागलेली पंधरा-वीस माणसे अमरावतीत राहतात. त्यांतल्या एकालाही आम्ही त्या मुलाचा पत्ता दिला नव्हता. आमचा गुन्हा न थांबण्याचा नाही. दुसऱ्या कुणाला सांगून ठेवले नाही, याचा आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे, 'सही कब थे?'

युद्ध संपले, पण बोटी थांबल्या नाहीत. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीवर सह्या केल्या आणि ९ सप्टेंबरला मलायाच्या किनाऱ्यावर ठरल्याप्रमाणे सैन्य उतरलेच. मोरिबच्या किनाऱ्यावर कितीतरी गाड्या चिखलात रुतल्या. मग हिंदी सैन्य इंडोनेशियात धाडले गेले. तिथल्या लोकांनी १७ ऑगस्टला स्वातंत्र्य जाहीर केले होते आणि डचांना परत यायचे होते. ऑक्टोबरमध्ये सुराबाया शहरात हिंदी सैनिक उतरवले गेले, नोव्हेंबरमध्ये तिथे भयंकर लढाई झाली. जपानी फौजांशी लढणे ही एक गोष्ट होती. त्या फौजांनी आशियात जे केले ते पाहता आराकानला जाणाऱ्या खलाशाला आपल्या कामाचा निदान अर्धा तरी अर्थ लावता येत होता, जरी बोटीवरचे निशाण परक्याचे असले तरी. पण स्वतः गुलाम असलेल्या माणसांनी दुसऱ्याला पुन्हा गुलाम करायला सैन्य पोहोचवायचे, याचा अर्थ कसा लावणार?

फेब्रुवारी १९४६ मध्ये 'तलवार'वरच्या नाविकांनी काम बंद केले ते निकृष्ट जेवणावरून आणि अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीवरून. पण संपाच्या मागण्यांची यादी पाहिली तर डाळ-रोटी, पगार आणि गोऱ्या अधिकाऱ्याची वागणूक यांच्या बरोबरीने तिच्यात आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आहे आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत बोलावण्याची मागणीही आहे. आमचे बोट त्या ओळीवर थांबले. ज्या नौदलाने दुसऱ्यांच्या किनाऱ्यावर माणसे उतरवली, त्याचे नाविक आता विचारीत होते की हा किनारा कुणाचा? 'हमला'तले नाविकही संपात होते. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. जहाजांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र चढले. २१ फेब्रुवारीला कॅसल बरॅक्सपाशी गोळीबार झाला. २२ ला मुंबई बंद होती. गिरणी कामगार रस्त्यावर आले आणि त्या दिवसांत दोनशेहून अधिक नागरिक मारले गेले. सरदार पटेल आणि जिना या दोघांनीही शरण जाण्याचा सल्ला दिला आणि २३ ला संप संपला. नंतर शेकडो नाविकांना काढून टाकण्यात आले. स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतले, ना पाकिस्तानच्या. त्यांनाही कुणीतरी खोल पाण्यात उतरवले आणि बोट मागे घेतली, असेच म्हणावे लागेल.

मग ते केव्हा बरोबर होते? आमचे मत असे झाले आहे की माणूस आधी हुकूम मानणारा आणि मग हुकूम मोडणारा, असा दोन तुकड्यांत तोडून त्याचा न्याय करता येत नाही. आराकानमध्ये फळी गाळाच्या जरा पुढे नेऊन टाकणारा हात आणि मुंबईत काम बंद करणारा हात यांची जात एकच होती. आपल्या बोटीत बसलेल्या माणसाचे काय होणार, हा प्रश्न दोघांच्याही मनात होता. पहिल्या वेळी त्याचे उत्तर किनाऱ्याच्या आणखी जवळ जाणे हे होते. दुसऱ्या वेळी त्याच प्रश्नाने त्याला जागीच थांबवले. ज्याने हा प्रश्न कधीच विचारला नाही त्याचे आज्ञापालन पोकळ आणि त्याचे बंडही पोकळ. त्याच महिन्यांत जर्मनीत न्यूरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांवर खटला चालू होता. 'वरून हुकूम होता' एवढ्याने कुणी जबाबदारीतून सुटत नाही, असे त्या न्यायालयाच्या सनदेत लिहिले होते. सनद लिहिणाऱ्यांत ब्रिटिशही होते. आपल्याच नाविकांना ते हे तत्त्व लावायला तयार नव्हते, ही गोष्ट वेगळी.

यंदा ती मुले नववीत आली. आम्ही त्या विद्यार्थ्याला हे सगळे सांगितले. दोन तास लागले, अभ्यासक्रम तेवढा मागे पडला. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "तो सर, जिन को नेवी से निकाला, उन को कौन लेने आया?" आम्ही म्हणालो, फारसे कुणी नाही; खूप उशिरा काहींना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान मिळाला.

आमच्या टेबलाच्या खणात आता एक वही आहे. गेल्या तीन वर्षांत दहावी होऊन बाहेर गेलेल्या मुला-मुलींची नावे तिच्यात आहेत, आणि प्रत्येक नावापुढे त्या गावात राहणाऱ्या आपल्या एखाद्या माणसाचे नाव आणि नंबर. एकेचाळीस नावे झाली आहेत. नऊ जणांपुढची जागा अजून रिकामी आहे. बडनेऱ्याच्या त्या मुलाचे नाव पहिल्या पानावर आहे. त्याने बाहेरून बारावीला बसावे म्हणून आम्ही त्याच्या मागे लागलो आहोत. तो अजून हो म्हणालेला नाही.